पोस्टकार्डातली सुरत

सुरतेत राहायला लागून मला सहा वर्षं झाली होती, तेव्हा बायको दोन्ही पोरांना घेऊन पहिल्यांदा सुरत बघायला आली. तीन दिवसांसाठी. मुलगी सात वर्षांची होती, मुलगा चार वर्षांचा. आणि त्यांना सुरत दाखवणारा मी, मी स्वतः ती सुरत कधी पाहिलेली नव्हती.

हे कसं झालं ते सांगतो. भेस्तानला आम्ही पाच जण एका खोलीत राहायचो. पाचही खानदेशातले, पाचही लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. माझी सुरत म्हणजे खोली, कारखाना, खानावळ आणि उधना स्टेशन. गावी दर पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड टाकायचो, पण हे चार ठिकाणांचं शहर एका कार्डातच संपून गेलं. मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा, पुढे काय? लूमचा आवाज लिहायचा? धागा तुटतो, मी जोडतो, परत तुटतो, हे लिहायचं?

खोलीतले आमचे एक थोरले जोडीदार सुरतेत वीस वर्षं काढलेले. तव्यावर भाकरी टाकता टाकता ते शहराच्या गोष्टी सांगायचे. चौकातला किल्ला, त्यातली तोफ, राजाची गादी, डुमसचा समुद्र, बागेतला सिंह. ते सांगायचे आणि मी कार्डावर उतरवायचो. पहिल्या एक-दोन कार्डांत मी 'असं म्हणतात' असं लिहिलं होतं. मग ते शब्द कार्डात मावेनात. पुढे पुढे तर मीच किल्ल्यावर चढून आलेलो असायचो, मीच समुद्रात पाय बुडवलेले असायचे. एकदा तर मी लिहिलं, रात्री खोलीत पडलं की समुद्राची गाज ऐकू येते.

मुलगी पहिलीत गेली आणि अक्षरं लावायला शिकली. घरात पुस्तक नव्हतं, माझी कार्डं होती. ती त्यांच्यावर वाचायला शिकली. दुसरीत गेल्यावर तिनंच मला कार्ड लिहिलं. मोठाली अक्षरं, रेघ सोडून खाली घसरणारी. 'आण्णा, आम्हाला समुद्र दाखवा. सिंह पण.'

ते कार्ड मी तीन-चार दिवस खिशात घेऊन फिरलो. मग 'या' असं कळवून टाकलं.

प्लेगची साथ येऊन गेल्याला तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली होती. शहर झाडून-पुसून लख्ख केलेलं होतं, त्यामुळे बोलवायला लाजही वाटत नव्हती. दिवस संक्रांतीच्या आधीचे. रस्त्याकडेला खांबांना दोरा ताणून मांजा रंगवायचं काम चाललेलं, जिकडे बघावं तिकडे गुलाबी. संक्रांतीला कारखाने दोन दिवस बंद राहायचे, पण सणाला सून घरी हवी असं आईचं म्हणणं पडलं. म्हणून बायको सणाच्या आधीच आली. आणि सणाच्या आधी सेठ कुणालाच सुट्टी देत नव्हता. त्यातून माझा तो आठवडा रात्रपाळीचा. मी मनाशी ठरवलं, रात्री काम करायचं, दिवसा पोरांना फिरवायचं. झोपेचं काय, झोप नंतरही घेता येते.

जोडीदारांनी खोली रिकामी करून दिली. चौघंही वळकट्या उचलून शेजारच्या खोलीत गेले. थोरल्यांनी फडताळात नवं वर्तमानपत्र अंथरलं, आणि जाता जाता मला विचारलं, "रस्ते माहीत आहेत ना रे?"

"आहेत की," मी म्हणालो.

पहिल्या दिवशी सकाळी पाळी सुटली तसा सरळ उधना स्टेशनवर गेलो. गाडी आली. बायको उतरली, तिच्या कडेवर मुलगा झोपलेला. मुलगी मागून उडी मारूनच उतरली. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, आणि पिशवीत माझी सगळी कार्डं, दोऱ्यानं बांधलेली.

बायकोनं माझ्याकडे नीट बघितलं. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. ती म्हणाली, "तुम्हना डोया लाल व्हयेल शेतस."

"धाग्याची भुकटी जाते डोळ्यांत," मी म्हणालो. "चला."

त्या तीन दिवसांत मी सगळ्यात जास्त वेळा काय बोललो असेन तर हेच. चला. आंघोळी झाल्या, चहा झाला, मी म्हणालो चला. बायको म्हणत होती, पोरं रात्रभर गाडीत बसून आलीत, तासभर लवंडू द्या. पण मला थांबायची भीती वाटत होती. थांबलो असतो तर मुलगी पिशवी उघडून विचारायला लागली असती. आणि थांबलो असतो तर मी झोपलो असतो.

चौकात जायची बस पकडली. कोणत्या थांब्यावर उतरायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी पुढे जाऊन कंडक्टरला हळूच गुजरातीत विचारलं. सहा वर्षांत शिकलेली तोडकीमोडकी गुजराती त्या दिवशी कामाला आली, कारण ती माझ्या माणसांना कळत नव्हती. मी कंडक्टरशी बोललो की मुलगी कौतुकानं बघायची. तिला वाटे, आण्णा सगळ्या शहराला ओळखतात.

चौकात उतरलो. माणसं, सायकली, रिक्षा, कापडाचे गठ्ठे लादलेले टेम्पो. किल्ला कुठं दिसेना. माझ्या डोक्यातला किल्ला डोंगरावर होता, आमच्याकडे किल्ले डोंगरावरच असतात. मी तिघांना उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभं केलं आणि म्हणालो, "थांबा, आत गर्दी आहे का बघून येतो." पलीकडच्या पोलिसाला जाऊन विचारलं, "भाई, किल्लो क्यां छे?"

पोलिसानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आ ज तो छे, भाई." हाच की.

मी किल्ल्याच्याच भिंतीला टेकून उभा होतो.

आत गेलो तर झाडं, सायकली लावायची जागा आणि सरकारी कचेऱ्या. एका खोलीत कपाटं, कपाटांवर फायली, फायलींवर धूळ. टेबलामागे एक कारकून डबा उघडून बसलेला. मुलीनं पिशवीतून बरोबर ते कार्ड काढलं आणि उंबऱ्यावर उभी राहून मोठ्यानं वाचलं, "किल्ल्यात मोठी तोफ आहे आणि राजाची गादी आहे."

"शुं काम छे?" कारकुनानं विचारलं.

"किल्लो जोवो छे," मी म्हणालो. किल्ला बघायचाय.

त्यानं हातातल्या पोळीनंच चारी बाजूंना दाखवलं. "जुओ ने." बघा की.

आम्ही बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात मुलगा पुढे सरकला. कारकुनाच्या लाकडी खुर्चीवर एक चपटी झालेली, कापूस बाहेर आलेली गादी होती. पोरगं तिच्याकडे बोट करून ओरडलं, "हाई गादी! हाई गादी!" बायकोनं पदर तोंडाला लावला. मी कारकुनाला गोष्ट कशीबशी समजावून सांगितली, तसा तो खदखदून हसला. उठला, आणि पोराला म्हणाला, बेस. मुलगा राजासारखा त्या खुर्चीत बसला. कारकुनानं त्याच्या हातावर आणि मुलीच्या हातावर डब्यातली गूळ-तुपातली सुखडीची वडी ठेवली.

मुलगी मात्र हसली नाही. "आणि तोफ?" तिनं विचारलं.

"तोफ दुरुस्तीला नेलीय," मी म्हणालो.

किल्ल्याच्या मागे नदी आहे. तिथं बायको पहिल्यांदाच स्वतःहून थांबली. पात्र लांबरुंद, पाणी गढूळ, पुलावरून वाहनं चाललेली. "हाई आपली तापी शे?" तिनं विचारलं. आमचं गाव तापीकाठचं. मी हो म्हणालो. तिनं खाली वाकून नदीला हात जोडले. मग म्हणाली, मागल्या महिन्यात मी हिच्यातच गोधड्या धुतल्या. ते पाणी इथं येतं का?

"येतं ना."

"किती दिवसांनी?"

"आठ दिवसांनी," मी ठोकून दिलं. मध्ये उकाईचं धरण आहे हे मला आठवलं, पण मी ते बोललो नाही. तिला तिथं बसायचं होतं. मी म्हणालो, "चला, खायचं राहिलंय."

खाण्यात तरी मी खोटा नव्हतो. लोचो मला खरोखरच ठाऊक होता. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असे, तेव्हा भेस्तानच्या नाक्यावर हातगाडीपाशी उभं राहून मी तोच खायचो. हरभऱ्याच्या डाळीचं वाफवलेलं मऊ पीठ, वर तेल, मसाला, बारीक शेव, कांदा. बायकोनं एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "पिठलं फसलं वाटतं यांचं," ती म्हणाली. मी तिला सांगितलं, खरंच आहे, खमण करताना फसलं म्हणून हे झालं, लोक असंच सांगतात. ती म्हणाली, फसलेलं असून विकतात? मुलाला तिखट लागलं, त्यानं थुंकलं, आणि मग फक्त वरची शेव मागून मागून खाल्ली. मुलीनं पान चाटून पुसून साफ केलं. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा म्हणालो, "चला, चौपाटी."

चौपाटी म्हणजे नदीकाठची बाग निघाली. हिरवळ, झोके, भेळेच्या गाड्या. मी आपला समुद्र समजून पोरांना तिकडे घेऊन गेलेलो. मुलगी कठड्याशी उभी राहून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. "हा समुद्र आहे?"

"समुद्र उद्या."

झोके रिकामे होते. पोरांना तिथं दोन तास सोडलं असतं तरी ती खूश झाली असती. मी त्यांना दहा मिनिटांत उठवलं. आठच्या पाळीला पोचायचं होतं, बस कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि एका जागी बसलं की माझं डोकं छातीवर पडत होतं. मुलगा झोक्याची साखळी सोडेना. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. तो रडत रडत माझ्या खांद्यावर आला. बायको मागून चालत होती.

दुसऱ्या दिवशी डुमस. आता माझ्या अंगात दोन दिवसांचं जागरण होतं. सकाळी कारखान्यातून निघालो तेव्हा कानातला लूमचा खडखडाट थांबतच नव्हता, बसमध्येही तो चालूच होता. बायको म्हणाली, आज राहू द्या, झोपा, आम्ही इथंच भेस्तानात फिरतो. मी चिडलो. म्हणालो, इतक्या लांबून काय भेस्तान बघायला आलात?

डुमसला उतरलो तेव्हा अकरा वाजले असतील. मुलगी पुढे पळाली आणि वाळूच्या कडेला येऊन थांबली. वाळू काळी होती. आणि समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण फार दूर, एखाद्या मळक्या पट्टीसारखा. मधे नुसता चिखल आणि ओली काळी वाळू. नदीच्या मुखापलीकडे हजीऱ्याच्या कारखान्यांची धुराडी दिसत होती.

मुलीनं पिशवी उघडली नाही. तिला ते कार्ड पाठच होतं. "आण्णा, तुम्ही निळा लिहिलं होतं."

"ओहोटी आहे," मी म्हणालो. "पाणी मागे गेलंय. येईल आता."

"कधी?"

"येईल."

टमाट्याची भजी घेतली. टमाट्याच्या चकतीवर हिरवी चटणी, ती पिठात बुडवून तळलेली. मुलानं घाईघाईत घास घेतला, आतल्या गरम टमाट्यानं त्याची जीभ पोळली, तो किंचाळला. बायको त्याला पाणी पाजत होती. मी वाळूत बसलो आणि म्हणालो, दोन मिनिटं बसतो. एवढंच मला आठवतं.

जाग आली तेव्हा तोंडावर कापड होतं. बायकोची शाल. ती बाजूला केली तर ऊन तिरपं झालेलं, आणि समुद्र माझ्यापासून पन्नास पावलांवर आलेला. लाटा खऱ्याखुऱ्या होत्या, आवाज करत होत्या. शेजारी कुणी नव्हतं. बायको नाही, पोरं नाहीत, पिशवी नाही, चपला नाहीत.

मी उभा राहिलो आणि मला दिशाच कळेना. ज्या चिखलात सकाळी पोरं उभी होती तिथं आता पाणी होतं. मी आधी पाण्याकडे पळालो. गुडघ्यापर्यंत आत गेलो आणि मुलाला हाका मारायला लागलो. मग मागे फिरलो, भज्यांच्या गाड्यांकडे पळालो. एका बाईला विचारलं, दुसऱ्याला विचारलं, पण तोंडातून गुजराती येईना, हिंदी येईना, अहिराणीच येत होती, आणि ते नुसते माझ्याकडे बघत होते. उंटवाल्याचा हात धरला. तो म्हणाला, इधर तो सौ बच्चे हैं. मी किनाऱ्यानं एका बाजूला पळत गेलो, माणसं संपली तसा परत उलट्या बाजूला पळालो. डोक्यात एकच चाललं होतं, आईला काय सांगायचं. मी झोपलो होतो, हे सांगायचं?

मग ती तिघं मला दिसली. देवळाच्या बाजूनं सावकाश चालत येत होती. मुलाच्या डोक्यावर कागदाची टोपी, मुलीच्या फ्रॉकचा ओचा शिंपल्यांनी भरलेला. बायकोच्या हातात प्रसादाचा नारळ. ती कुणाशी तरी बोलत होती, आणि चक्क हसत होती.

मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात चारचौघांत मी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. कुठं गेली होतीस, अक्कल आहे का, पोरं पाण्यात गेली असती म्हणजे, मला उठवता येत नव्हतं? माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. बरोबरची बाई मुकाट निघून गेली. मुलीनं ओच्यातले शिंपले खाली सोडून दिले. मुलगा रडायला लागला.

बायको शांतपणे म्हणाली, "झोप लागी गई व्हती तुम्हले. म्हणून नाही उठवलं." मग थोड्या वेळानं, माझा श्वास जरा बसल्यावर, तिनं काय काय केलं ते सांगितलं. गणपतीचं दर्शन घेतलं. ती निघून गेलेली बाई अमळनेरकडची, देवळाजवळ नारळ विकते. तिनं सांगितलं भरती कधी येते ते. पाणी यायला लागलं तेव्हा तिघांनी त्याच्याबरोबर एकेक पाऊल मागे सरकायचा खेळ केला. तीन वेळा येऊन तिनं मला बघितलं होतं. एकदा माझं डोकं सावलीत यावं म्हणून चपलांचा ढीग करून त्यावर पिशवी उभी केली होती, पण नंतर ऊन फिरलं. मी सहा वर्षांत जो समुद्र पाहिला नव्हता तो तिनं चार तासांत पुरता पाहून घेतला होता. मी मात्र नेमका तेवढा वेळ झोपलो होतो.

परतीच्या बसला ही गर्दी. तीन गाड्या भरून गेल्या, मग अंधार पडल्यावर कसंबसं एक बाक मिळालं. मुलगी खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून बसलेली. मुलगा आईच्या मांडीवर झोपला. घड्याळ नव्हतं, पण बाहेरच्या काळोखावरून कळत होतं की आठची पाळी आता हुकणार. मगदल्ला गेलं, पीपलोद गेलं. बस प्रत्येक ठिकाणी थांबत होती आणि मी प्रत्येक वेळी उठून पुढे बघत होतो, जणू मी बघितल्यानं ती सुटणार होती.

"बसा," बायको म्हणाली. "आते तरी बसा."

मी बसलो. आणि बोलून टाकलं. "मी यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. किल्ला नाही, समुद्र नाही. लोकांचं ऐकून लिहायचो."

"माले ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

समुद्राची गाज खोलीत ऐकू येते असं मी लिहिलं होतं, ते कार्ड तिनं आमच्या गल्लीतल्या एकाला दाखवलं होतं. तो सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात काम करून परत आलेला. भेस्तानातून समुद्र केवढा लांब, असं म्हणून तो पोट धरून हसला. तेव्हापासून तिला ठाऊक होतं. पोरीला सांगितलं नाही, कारण पोरगी त्यावर वाचायला शिकत होती.

"मग आलीस कशाला?" मी विचारलं. मला खरंच राग आला होता, तिचा नाही, पण आला होता.

"मी काय दर्या दखाले उनू व्हतू?" समुद्र बघायला का आले होते मी, एवढंच ती म्हणाली आणि मुलाच्या पायातली वाळू झटकत बसली.

खिडकीकडची पाठ वळली नाही, पण आवाज आला. "आणि सिंह?"

"सिंह पण नाही पाहिला मी, बेटा."

"पण आहे ना?"

"आहे. असं म्हणतात."

तिनं त्यावर बराच विचार केला असावा. उधना आल्यावर उतरताना तिनं माझं बोट धरलं.

कारखान्यात पोचलो तेव्हा माझ्या लूम्सवर दुसरा माणूस उभा होता. मास्टरनं घड्याळाकडे बोट दाखवलं आणि लूमच्या आवाजात ओठांनीच बोलला, जा. हात जोडून काही उपयोग झाला नाही. मी खोलीवर परत आलो आणि कपडे न बदलता पडलो.

उठलो तेव्हा तिसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. पोरांची गाडी चारची. सिंह राहिलाच. मी धडपडून उठलो, पण खोलीत कुणी नव्हतं. ह्या वेळी घाबरलो नाही, कारण दारातच शेजारच्या खोलीतून त्यांचे आवाज येत होते. थोरले जोडीदार रात्रपाळी करून आलेले, त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर कोवळ्या ज्वारीचा ढीग, वर लिंबू-मिरीची शेव. इकडे त्याला पोंक म्हणतात आणि लोक रांग लावून घेतात. बायको मूठ मूठ घेऊन पोरांना देत होती. मला बघून म्हणाली, "हाऊ तं आपला हुरडा शे! गावात शेतावर बसून खातो आपण, आणि हे लोक शहराची खासियत म्हणून सांगतात." सकाळपासून ती पोरांना घेऊन भेस्तानात हिंडली होती. पाणी कुठं येतं, रेशन कुठं मिळतं, मराठी शाळा कुठं भरते, सगळं बघून आली होती. शाळेतल्या बाई धुळ्याकडच्या होत्या म्हणे. मुलीला त्यांनी फळ्यावर नाव लिहायला लावलं.

मी बसून हुरडा खाल्ला. तो फार गोड होता. सहा वर्षांत प्रत्येक हिवाळ्यात मी त्याच्या गाड्यांवरून गेलो होतो आणि एकदाही थांबलो नव्हतो.

स्टेशनवर गाडी उभी होती. गर्दीत पोरांना खिडकीतून आत दिलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "ऐका. जूनला शाळा सुरू व्हायच्या आधी येते मी. दोघांना घेऊन. तुम्ही खोली बघा."

"अगं, कसं जमेल? इथं पाण्याची बोंब, पाळीचा भरवसा नाही, आज तर कामही..."

"खोली बघा," ती म्हणाली. गाडी हलली.

फलाटावर गाडी दिसेनाशी झाल्यावरही मी बराच वेळ इकडून तिकडे फेऱ्या मारत राहिलो. काम परत मिळतं की नाही हे ठाऊक नव्हतं. (मिळालं, चार दिवसांनी, संक्रांत उलटल्यावर, दुसऱ्या सेठकडे.) ती खरंच येणार की नाही हेही ठाऊक नव्हतं, आणि आली तर बरं की न आली तर, हेही मला ठरवता येत नव्हतं. शेवटी रिक्षा न करता मी उधन्याहून भेस्तानपर्यंत चालत निघालो. वरती पतंगांची खेचाखेची चाललेली, पोरं गच्चीवरून ओरडत होती. त्या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेलो असेन. त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही बाजूंची घरं बघत गेलो. कुठल्या घराला वर खोली आहे, कुठं नळ आहे, कुठं दारात पोरांचे कपडे वाळताहेत.

भेस्तानच्या अलीकडे एका चाळीच्या पायरीवर एक म्हातारी बाई डाळ निवडत बसली होती. नऊवारी, आमच्याकडची वाटली. मी थांबून विचारलं, खोली आहे का हो कुठं?

"किती माणसं?"

"आम्ही दोघं. दोन पोरं."

तिनं सुपातून मान वर केली. "केवढी?"

"मुलगी सात वर्षांची. मुलगा चार."

"दंगा करतात का? खालचे रात्रपाळीवाले दिवसा झोपतात. मागच्या भाडेकरूची पोरं जिन्यात नाचायची, मी त्यांना काढलं."

मी नाही म्हणणार होतो. मग थांबलो. दोन-अडीच दिवस मी त्या पोरांबरोबर होतो, त्यातला निम्मा वेळ ती माझ्यामागे फरपटत होती आणि निम्मा वेळ मी झोपलो होतो. ती घरात असतात तेव्हा काय करतात, जिन्यात नाचतात का, भांडतात का, मला काहीच माहीत नव्हतं.

"करत असतील," मी म्हणालो. "पोरं आहेत."

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "या," ती म्हणाली, "वर चढून बघा. तिसरी पायरी मोडकी आहे, जपून."